देवूकाकांना मारायचा मान

कोणी धंदा विचारला की मी "पत्र्याचं काम" एवढंच सांगते. पूर्ण खरं सांगायची सोय नाही. एकदा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी फार आपुलकीने विचारलं, म्हणून सांगून टाकलं, "मी चिलखतं करते. तलवारीचा वार बसला तरी माणूस कापला जात नाही, अशी." त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताट उचललं आणि पलीकडच्या ओळीत जाऊन बसल्या. जिलबी अजून यायची होती, तरी उठल्या. तेव्हापासून पत्र्याचं काम.

तसं ते खोटंही नाही. जव्हारच्या बाजारात आमचं ट्रंकांचं दुकान. आश्रमशाळेत निघालेल्या पोराच्या डोक्यावर आमचीच ट्रंक असायची. मग कापडी बॅगा आल्या आणि ट्रंका पोटमाळ्यावर चढून बसल्या त्या बसल्याच. अशा पडत्या काळात प्रभुणेसर आले. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, अंगाने काडी, आवाज नगाऱ्याचा. ठाण्याकडे त्यांचं एक मंडळ होतं. बँकेतली, विम्यातली, औषधकंपनीतली चांगली शिकलेली माणसं सुट्टीच्या दिवशी मध्ययुगातल्या सैनिकांसारखी नटून एकमेकांवर तुटून पडायची. सरांना डोक्यावरचा लोखंडी टोप करून हवा होता. आमच्या मिस्टरांनी त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे पाठवलं. जरा सरकलेलं गिऱ्हाईक आलं की ते माझ्याकडे वळवायचं, ही दुकानाची जुनी पद्धत आहे.

मी धान्याच्या कोठीच्या झाकणातून टोप ठोकून काढला. सरांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "वहिनी, हा टोप नाही. हे पातेलं आहे."

"घालून तर बघा," मी म्हटलं. "डोकं फुटलं तर पातेलं म्हणा."

सरांनी टोप घातला, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "मारा." मी लाकडी हातोड्याने मारला. जरा राग होताच, तोही त्यात गेला. मिस्टर पाण्याचा तांब्या घेऊन धावले. मग टोपाच्या आतून आवाज आला, "जमेल." अशी माझी या धंद्यात नेमणूक झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चिलखत म्हणजे कड्यांचा सदरा. तार सळईवर गुंडाळायची, तिचं स्प्रिंगसारखं वेटोळं झालं की ते उभं कापायचं, की सुट्या कड्या पडतात. मग दोन पकडी घ्यायच्या आणि कडीत कडी अडकवत जायचं. एका कडीत चार कड्या. चुकून तीनच अडकवल्या तर तिथे भोक पडतं, आणि भाला नेमका तिथेच येतो असं सर म्हणत. खाली कापसाची जाड बंडी लागते, नाहीतर वार अडतो पण बरगडी मोडते. बंडी म्हणजे आपली गोधडीच, फक्त हात असलेली. लोखंड गंजतं, म्हणून चिलखत वाळू भरलेल्या डिझेलच्या पिंपात घालून पिंप अंगणभर लोळवायचं. चिलखत चकचकीत निघतं आणि शेजारी भांडायला येतात.

कड्या जोडायचं काम एका माणसाचं नव्हे. मोखाड्याकडच्या एका पाड्यावरच्या बायकांना मी ते शिकवलं. त्यांत मंजुळा सगळ्यांत तरबेज. ती कड्या जोडताना बघत नसे. तोंडाने पोराचे पाढे घेत असायची, नजर चुलीवर, आणि मांडीवर चिलखताची बाही उतरत जायची. मंजुळा आणि तिचा नवरा सुरेश ही जोडी दरवर्षी भात झोडून झालं की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. भट्टीवाल्याला एकटं माणूस चालत नाही, जोडीच लागते. पोरगा बरोबर गेला की शाळा बुडाली, मागे ठेवला की पोरगा बुडाला. ज्या साली माझ्याकडे काम भरपूर, त्या साली ती जोडी घरी राही. इतका सरळ हिशोब होता. त्यामुळे सरांच्या वेडावर मी हसत असले, तरी ते वेड बरं होऊ नये अशी माझी मनापासून प्रार्थना असे.

आणि वेड तरी कसलं! सरांचा एकच शब्द: अस्सल. चढाईआधी ते स्वतः सैन्याची तपासणी करत. मनगटी घड्याळ काढा. चष्मा काढा. (अर्धं सैन्य चष्म्याचं. काढल्यावर ते आपल्याच बाजूच्या लोकांवर वार करू लागलं. शेवटी सरांनी "युद्धात असंही होत असे" म्हणून ते मान्य केलं.) एका विमा एजंटाच्या दंडावर लहानपणच्या लशीचा वण दिसला, तर सर अस्वस्थ झाले. त्या काळी लस नव्हती. एजंट म्हणाला, "सर, हा वण पुसू कसा?" सरांनी त्यावर चिखल लावला आणि दिवसभर अधूनमधून येऊन, वाळलेला चिखल पडला का ते बघत राहिले.

सरांच्या मागोमाग इतरही गिऱ्हाइकं आली. एका नवरदेवाला चिलखत घालूनच बोहल्यावर चढायचं होतं. मी त्याला म्हटलं, बाबा, सफारी शिव. ऐकेना. अंतरपाट दूर झाला, नवरीने हार घातला आणि तिच्या शालूची जर त्याच्या कड्यांमध्ये अशी काही गुंतली की दोघं छातीला छाती लावून उभी. ओढावं तर शालू फाटतो, न ओढावं तर वडीलधारे खोकतात. मी पक्कड घेऊन मध्ये बसले आणि एकेक कडी उकलत गेले, तर भटजी घाई करू लागले, मुहूर्त टळतोय म्हणून. सप्तपदी ती दोघं तशीच अडकून, खेकड्यासारखी आडवी चालली. संसार चांगला चाललाय म्हणे. चिलखत पोटमाळ्यावर आहे, ट्रंकेत. ट्रंकही माझ्याकडूनच नेली.

पण मला सांगायचं आहे ते घाटवाटेच्या लढाईचं.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर सरांनी जव्हारजवळचा एक माळ निवडला. विजेचा खांब नाही, मोबाईलचा मनोरा नाही, नजर जाईल तिथवर अस्सल. एका घाटवाटेवरची चकमक उभी करायची होती. सरांच्या अभ्यासाप्रमाणे तीत शत्रूचा सरदार एका शिलेदाराच्या हातून पडतो आणि फौज पळते. बघायला मुंबईहून एका ऐतिहासिक मालिकेची माणसं येणार होती. त्यांच्या प्रमुख एक गॉगलवाल्या बाई. त्यांना एका फौजेची चिलखतं हवी होती. लढाई खरी वाटली तर काम आम्हाला, नाहीतर ते प्लास्टिकची आणून चंदेरी रंग मारणार. काम मिळालं असतं तर पाड्यावरच्या सगळ्या बायकांचे हात पावसाळ्यापर्यंत गुंतले असते. मंजुळाने भट्टीच्या मुकादमाला "चार दिस थांब" म्हणून सांगितलं होतं. तो कपाळाला आठ्या घालून थांबला होता.

मंडळाची माणसं पुरेनात, म्हणून शत्रूचं सैन्य आम्ही पाड्यावरून आणलं. सुरेश शत्रू, त्याचे भाऊबंद शत्रू. सरदार कोण करायचा? मी म्हटलं, देवूकाका. देवूकाका म्हणजे मंजुळाचे सासरे. आमच्या मोखाड्या-जव्हारकडे वसंतात बोहाडा होतो. देव-राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून माणसं संबळाच्या तालावर नाचत येतात आणि लढतात. मुखवट्याला सोंग म्हणायचं आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं ते पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. महिषासुराचं सोंग देवूकाकांच्या घराचं. ते दरसाल जगदंबेच्या हातून मरत, आणि असे मरत की पाहणाऱ्याला त्या रेड्याचीच दया यावी. सरांनी त्यांना तालमीत मरून दाखवायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "मरनाची तालीम नसते, सायेब. दरसाली मरतो मी. फकस्त मारनारा कोन ते सांगा."

"आहे एक, तुम्ही काळजी करू नका," मी म्हटलं. मारणारा डोंबिवलीचा एक बँक अधिकारी होता. देवूकाकांचं समाधान झालेलं दिसलं आणि मी दस्तान्यांच्या, म्हणजे लोखंडी हातमोज्यांच्या, वाद्या शिवायला बसले. बोहाडा मी जन्मभर पाहिलाय, पण बाजारातल्या माणसाने बघावा तसा, भेळ खात.

लढाईच्या सकाळी पहिलं बंड झालं ते न्याहारीवरून. सरांनी ठरवलेलं, सैन्य त्या काळचंच खाणार. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. हे सगळं नंतर परदेशातून आलं. म्हणून नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणि उडदाचं घट्ट वरण. ठाण्याची माणसं नागलीचे फोटो काढून "व्वा, अस्सल" म्हणू लागली. पाड्यावरच्या शत्रूंचे चेहरे मात्र पडले.

"हीच तं घरी खातो," सुरेश म्हणाला. "लढाय आनला तं वडापाव देतील असा वाटला."

त्यात चहाही नव्हता. देवूकाकांनी सरांना विचारलं, "तवाचे लोक च्या बिगर लढले?"

"हो, काका."

"मंग म्हनून मेले."

सरांना ते पटलं की काय कोण जाणे, पण गाडीमागे जाऊन गुपचूप प्यायची परवानगी मिळाली. त्यामुळे लढाईला उशीर झाला, ऊन चढलं आणि चिलखतं तव्यासारखी तापली. गॉगलवाल्या बाई छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या. शिंग वाजलं.

सुरुवात झकास झाली. शत्रूकडचे पटापट पडले. सुरेश तर पहिल्याच हल्ल्यात पडला आणि सावलीत पडला, हुशार आहे. मग बँक अधिकारी तलवार उगारून देवूकाकांवर धावून गेला आणि ठरल्याप्रमाणे खांद्यावर वार केला. देवूकाका उभेच. त्याने दुसरा वार केला. देवूकाकांनी ढालीने त्याला बाजूला सारला, दारातलं वासरू सारावं तसा.

सर कर्ण्यातून म्हणाले, "काका, पडा आता."

"मी नाय परनार."

"अहो, तुम्ही मेलात!"

"नाय मेलो. गोविंदा कठं हाय?"

कोणालाच कळेना. मी चपला हातात घेऊन माळावर धावले. देवूकाका घामाने निथळत होते, पण आवाज शांत होता. "बाय, मला मारायचा मान गोविंदाचे घराचा. जगदंबेचा सोंग त्यांचा. तू बोललीस मारनारा हाय, मला वाटला गोविंदाला बोलावला असल."

गोविंद म्हणजे वरच्या पाड्यावरचा. तो दिवाळीआधीच भिवंडीला भट्टीवर गेला होता.

"काका, हा बोहाडा नाही," मी म्हटलं. "ही नुसती लढाई आहे. कुणाच्याही हातून मरा."

"असा कोनचेबी हातून मेलो तं सोंग माझे घरात राहील का? उंद्या गाव ईचारल, देवू, तू बँकवाल्याचे हातून मेलास, आता जगदंबा कोनाला मारल? काय सांगू?"

तिकडे बँक अधिकाऱ्याने हार मानली नव्हती. तो बिचारा पुन्हा पुन्हा येऊन वार करत होता आणि देवूकाका माझ्याशी बोलता बोलताच ते अडवत होते. त्याच्या मदतीला औषधकंपनी आली, विमा आला. ऊन लागून ते एकेक करून खाली बसले. थोड्या वेळाने माळावर एकटा शत्रूचा सरदार उभा आणि त्याच्याभोवती विजयी सैन्य धापा टाकत पसरलेलं.

"इतिहासात तुम्ही पडला आहात, काका!" सर आता कर्णा न वापरताच ओरडत होते. आवाज रडवेला झाला होता. गॉगलवाल्या बाईंनी घड्याळात बघितलं आणि पर्स मांडीवर घेतली. मुकादमाची जीप संध्याकाळी पाड्यावर येणार होती.

मंजुळा माझ्यामागे येऊन उभी राहिली होती ते मला कळलंच नाही. ती बंड्या आवरायला आली होती. म्हणाली, "बाय, मी मारू का?"

"कोणाला?"

"मामांना."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मंजुळाचं माहेर वरच्या पाड्यावर. गोविंद तिचा सख्खा भाऊ. मारायचा मान तिच्या बापाच्या घराचा.

मी देवूकाकांकडे बघितलं. त्यांनी सुनेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "चालंल. मारते ती जगदंबाच. दरसाली बाईच मारते मला, निसता आत बाप्या असतो."

हे सरांना जाऊन सांगणं माझ्या वाट्याला आलं. सरांनी डोळे मिटले. "वहिनी, त्या काळी, त्या फौजेत, बाई?"

"सर, काकांच्या लढाईत वर बाई आणि आत बाप्या असतो. आपल्या लढाईत वर बाप्या, आत बाई. तोंडावर कड्यांची झालर सोडते, कोणाला दिसतंय?"

सरांनी त्या आडव्या पडलेल्या विजयी सैन्याकडे पाहिलं. "झालर पूर्ण सोडा," ते म्हणाले.

गाडीमागे मी मंजुळाला चिलखत चढवलं. तिनेच जोडलेलं होतं. इतकी वर्षं कड्या जोडल्या, पण अंगावर तिने ते कधी घातलं नव्हतं. वजनाने एकदा खाली वाकली आणि उभी राहिली. हिरव्या बांगड्या काढायला तयार नव्हती, नवरा जिवंत आहे म्हणून. मग बांगड्यांवरच दस्ताने चढवले. ती माळावर उतरली तेव्हा दर पावलाला आतून किणकिण ऐकू येत होती.

सावलीत मेलेल्या सुरेशने चाल ओळखली. मान उचलून ओरडला, "अगं, ए! काय करतंस?"

"मेलेल्यांनी बोलायचं नाही!" सर गरजले.

संबळ नव्हता. मी एक ढाल पालथी घेतली आणि दोन पकडींनी तो ताल धरला. बोहाड्याचा ताल आमच्या भागात पोटातूनच शिकून येतात. देवूकाकांच्या अंगात तो शिरलेला मला दिसला. आतापर्यंत माळावर उभा होता तो घामाघूम म्हातारा, आता रेडा डुलू लागला. मंजुळा तीन पावलं पुढे, दोन मागे. लहानपणी भावाचं पाहून ती घरामागे हेच नाचलेली असणार, कारण एकही पाऊल चुकलं नाही. जिला घरात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, तिने सासऱ्याच्या तलवारीला तलवार भिडवली. बसलेलं सैन्य उठून उभं राहिलं. चष्मे नव्हते म्हणून पुढे सरकून सरकून बघू लागलं. मला रडू येत होतं आणि ताल सोडता येत नव्हता.

तिने वार केला. देवूकाका गुडघ्यावर आले, फिरून उठले, हंबरले, पुन्हा पडले, धुळीत लोळले, हात आकाशाकडे नेला आणि सावकाश खाली आणला. इतकं सुंदर मरण मी पुन्हा पाहिलं नाही. सर ओंजळीत तोंड लपवून उभे होते. ते मरण इतिहासात नव्हतं, पण सर रडत होते.

गॉगलवाल्या बाई खुर्चीवरून उठून थेट सरांकडे गेल्या. त्या दोघांचं बोलणं चाललं होतं, हातवारे दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. इकडे देवूकाका उठेनात. उन्हात निपचित. मी धावत गेले.

"त्यांना काय झालं नाय, बाय," मंजुळा झालरीतून म्हणाली. "मारला त्यानंच हात देऊन उठवायचा, अशी रीत हाय."

"मग दे ना हात!"

तिने वाकून हात पुढे केला. देवूकाकांनी तो घेतला नाही. डोळे मिटलेलेच, ओठ तेवढे हलले.

"काम मिलला का?"

मंजुळाने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. सरांनी दोन्ही हात वर केले आणि त्या माळावर कर्ण्याशिवाय त्यांचा नगारा घुमला, "वहिनी, सगळी फौज! सगळ्या फौजेची चिलखतं!"

"मिलला, मामा," मंजुळा म्हणाली.

"मंग उठव."

परतताना मंडळाच्या जीपमध्ये देवूकाका माझ्या शेजारी बसले होते, गाडीमागचा चहा पीत. मी विचारलं, "काका, काम मिळालं नसतं तर काय केलं असतंत?"

"परून ऱ्हायलो असतो," ते म्हणाले. "सासरा मेला घरात, तं सून भट्टीवर कशी जाल?"